हाताने बनवलेला कॉम्प्युटर

पनवेल, मंगळवार संध्याकाळ

आज आमच्या भंगाराच्या गोदामात एक म्हातारे काका कॉम्प्युटर घेऊन आले. तरुणपणी मित्रांबरोबर स्वतः बनवलेला, लाकडी पेटीत. तेव्हा दुकानात मिळायचा नाही म्हणे. त्यांचा मुलगा अडगळ काढा म्हणतो, पण काकांना तो मोडायचा नव्हता.

"अजून चालतो हो. कुणी शिकणारा असेल तर त्याला द्या."

शेठ म्हणाला, "काका, कंपनीच्या कॉम्प्युटरच्या बोर्डातून सोनं निघतं. तुमच्यातून काय निघणार, हौस?"

सगळे हसले. मीपण. का हसलो? गाव सोडून एवढ्या लांब आलो तो असलंच काही शिकायला. नुसता हात वर केला असता तरी काकांनी मला दिला असता.

शेठने मला हातोडा दिला.

"थांब बाळा, स्क्रू आहेत, मी उघडून देतो," काका म्हणाले.

थांबलो नाही. शेठ बघत होता, आणि मी अजून हसतच होतो. पेटी एका घावात फुटली.

त्याच फळ्या पेटवून शेठने चहा करायला लावला. काकांनाही कप दिला.

"कसा झालाय, काका?" शेठने विचारलं.

"चांगला झालाय," काका म्हणाले, आणि कप विसळून ठेवला.