गेंड्याच्या पिल्लाचा अंधारा फोटो

ती. आत्यास,

बालकाचा (पन्नाशी उलटली तरी तुझ्या लेखी बालकच) साष्टांग नमस्कार.

आम्ही सगळे ठीक. तुझे गुडघे, तुझी पाठ, तुझी शेजारीण आणि तिचा कुत्रा कसे आहेत? यांपैकी कोणाबद्दलही तक्रार असली तर सविस्तर कळव. डोळ्यांबद्दल मी विचारत नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा विषय पत्रात काढलास तर पत्र फाडून टाकीन असं तू बजावलं आहेस, आणि पत्रात काढणार नाही असं वचन मी दिलं आहे. हे पत्र जाड मार्करने लिहिलंय, त्याचं कारण एवढंच की पेनातली शाई संपली. (एका पानावर जेमतेम आठ ओळी मावतात, त्यामुळे पाकीट जाडजूड झालंय. घाबरू नकोस, आत कोर्टाची नोटीस नाही.)

आता मुद्द्याचं. फोटो मिळाल्यावर तू फोन केलास आणि म्हणालीस की फोटो अंधारा आलाय, मादी कशीबशी दिसते आणि पिल्लाचा तर पत्ताच नाही. आत्या, माझा स्टुडिओ आहे. माझं आयुष्य पासपोर्टचे फोटो काढण्यात गेलं. फोटोत नाक मोठं आलं, कान बाहेर आले, मी सासऱ्यांसारखा दिसतोय, असलं सगळं मी ऐकून घेतलंय. पण उजेड कमी पडला असं आजवर कोणी माझ्या तोंडावर म्हटलेलं नाही. रात्री मला झोप लागली नाही. तेव्हा तो फोटो कसा निघाला हे तुला ऐकावंच लागेल.

मुळात मी गेंड्याच्या वाटेला आपणहून गेलेलोच नाही. माझ्या लेकीला दिवस गेले आणि तू तिच्या बाळासाठी चादर भरायला घेतलीस, प्रत्येक जनावर आपल्या पिल्लासकट. वाघीण झाली, जिराफ झाला, हत्तीण झाली (हत्तीच्या पिल्लाची सोंड मागच्या बाजूला आली आहे, नवी पद्धत असेल म्हणून मी मूग गिळून बसलो), आणि गेंड्यापाशी येऊन तुझी सुई अडली. गेंड्याचं पिल्लू नीट बघितल्याशिवाय टाका घालणार नाही म्हणालीस. पुस्तकातलं चित्र दाखवलं तर छपाई वाईट. मोबाईलवर दाखवलं तर मोबाईल वाईट. शेवटी सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण घरात कॅमेरा माझ्याकडे आहे.

तर आम्ही उभयता सफारीला गेलो. जीपमध्ये ड्रायव्हर, वनरक्षक, ही आणि मी. गेंडे आता मोजकेच उरलेत, त्यामुळे त्यांच्याभोवती मंत्र्यांच्या वरताण पहारा. वनरक्षकाने आधीच दम भरला : फ्लॅश मारायचा नाही, खाली उतरायचं नाही, तोंडातून आवाज काढायचा नाही. दिवसभर आम्ही धूळ खाल्ली आणि गेंड्याच्या नावाखाली मोठाले दगड बघितले. (एका दगडाचे मी चांगले वीसेक फोटो काढले. मधूनच तो कान हलवतोय असं हिचं म्हणणं होतं.) आणि सूर्य टेकला, परत फिरायची वेळ झाली, तेव्हा डबक्याच्या काठी ती उभी. आमच्या स्टुडिओएवढी मादी! पायांमागे काहीतरी गुबगुबीत हलत होतं, पण पुढे यायला तयार नाही.

उजेड म्हणशील तर देवघरात समई असते एवढाच. गेंडा राखाडी, चिखल राखाडी, आभाळही राखाडी. अशा वेळी लेन्सचं तोंड होतं तेवढं उघडायचं, फोटो काढताना पडदा जास्त वेळ उघडा ठेवायचा आणि मग कॅमेरा तसूभरही हलू द्यायचा नाही. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. मी हिच्या खांद्यावर कॅमेरा टेकवला आणि श्वास रोखून धर म्हणालो. तिने धरला. सगळं जमून आलं होतं, फक्त पिल्लू बाहेर येत नव्हतं.

आणि इथे, आत्या, माझ्या हाताने घात केला. स्टुडिओत लहान मूल आलं की एका हाताने बटण आणि दुसऱ्या हाताने खुळखुळा, ही इतक्या वर्षांची सवय. तो खुळखुळा कायम खिशात असतो, हे मी विसरलो. हात विसरला नाही. तो खिशात गेला आणि त्या नि:शब्द जंगलात मी खुळखुळा वाजवला. वर तोंडानेही म्हणालो, ‘इकडे बघ राजा, इकडे!’

पिल्लाने बघितलं. आईच्या पुढ्यात येऊन, कान टवकारून, सरळ कॅमेऱ्यात. मी बटण दाबलं. पण मग आईनेही बघितलं. तिने एक फुत्कार टाकला आणि जीपकडे पावलं टाकली, आणि आम्हा सगळ्यांची पाचावर धारण बसली. हिने माझ्या हातातून खुळखुळा हिसकावला आणि त्याच्यावर बसली. ती थरथरत होती, त्यामुळे तो तिच्याखालीही वाजतच राहिला. वनरक्षक पुटपुटत होता. तो देवाचं नाव घेत होता की माझं, ते कळलं नाही. मला खरंच भीती वाटली, आत्या. हिने माझा हात घट्ट धरला नसता तर मी उठून पळालोच असतो. शेवटी पिल्लाला भूक लागली, ते आईला जाऊन ढुशा देऊ लागलं आणि ती वळली.

परतताना वनरक्षकाने माझी बिनपाण्याने केली. पिल्लू बिथरून आईपासून तुटलं असतं तर काय, असं विचारलं. खाली मान घालून ऐकून घेतलं. खुळखुळा फाटकावर जप्त झाला. असा तो फोटो. एवढ्याशा उजेडात, असल्या धांदलीत काढलेला. अंधारा आला असेल तर माझा नाइलाज आहे.

तुझा (चारचौघांत अपमान झालेला),
भाचा

ता. क. पत्र वर सही केली तिथे संपलं. पत्रात विषय काढणार नाही हे वचन मी पाळलं आहे; ताज्या कलमाबद्दल आपलं काही बोलणं झालं नव्हतं. गुरुवारी सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांनी वेळ दिली आहे. मी गाडी घेऊन येतोय.

ता. ता. क. तो फोटो मोठा करून मी स्टुडिओच्या काचेत लावलाय. रस्त्याने जाणारी माणसं थांबतात आणि पिल्लू किती गोड म्हणतात. अर्धा फोटो पिल्लानेच व्यापलाय. फोटो अंधारा नाही, आत्या.

तुला भीती वाटते, ते मला ठाऊक आहे. तिथे हिने माझा हात धरला होता. गुरुवारी मी तुझा धरीन, अगदी आत नेईपर्यंत.

ता. ता. ता. क. पेनात शाई आहे. हत्तीची सोंड उसवू नकोस, लेकीला ती तशीच हवी आहे. गेंड्याचं पिल्लू तेवढं पट्टी निघाल्यावर भरायला घे. ते कधीपासून सरळ तुझ्याकडेच बघतंय.