पळसाच्या पाकळ्यांची आई

श्रीवर्धन,
धुळवडीनंतरचा रविवार

प्रिय आई,
तुझ्या पाया पडते.

इकडे सगळं ठीक आहे. ताईची दोन्ही पोरं वेळेवर जेवतात. फोनवर बोलताना भाऊजी शेजारीच असतात, म्हणून आज लिहायला बसले.

काल पोरांबरोबर पळसाची फुलं वेचून आणली. पुठ्ठ्यावर खळीने पाकळ्या चिकटवून चित्र करा म्हटलं, तर दोघांनी मिळून ताईच केली. प्रणाली केसांसाठी नारळाच्या शेंड्या लावायला लागली, तेव्हा हितेशने तिचा हात धरला. "आईला केस न्हायत."

"होते! कमरेपर्यंत होते!" प्रणाली ओरडली.

तो माझ्याकडे बघत राहिला. एवढंसं पोर, त्याला आजारपणातलीच आई आठवते. शेवटी प्रणालीनेच रडत रडत डोक्यावर पाकळ्यांचा रुमाल चिकटवला, ताई बांधायची तसा.

भाऊजींनी चित्र पाहिलं आणि भरल्या ताटावरून उठले.

झोपताना हितेश माझी वेणी धरून म्हणाला, "मावशी, तुझे केस न्हाय ना जानार?"

तुझे गुडघे कसे आहेत? पाण्याचा हंडा तू उचलू नकोस, बाबांना सांग.

भाऊजींशी लग्नाचं मला पुन्हा विचारू नकोस. हो म्हणवत नाही, नाहीही म्हणवत नाही. पण मे महिन्यात मला पालीला घरी न्यायला बाबा येणार होते, त्यांना सांग, एवढ्यात येऊ नका.

तुझीच,
रुचिता