दिपिकाचं स्थळ

११ जानेवारी १९९६, वरसे

दिपिकाला स्थळ आलं! त्र्यंबकराव स्वतः पेणहून सांगायला आले. मुलगा दत्तात्रेय, पेणचाच, नागोठण्याला कंपनीत. दिपिका अठ्ठावीसची झाली. माझ्या शिवणक्लासातली सगळ्यात जुनी मुलगी. तिच्या मागून आलेल्या कितीजणी ब्लाउजचं कटिंग शिकून सासरी गेल्या, ही आपली काजं करत बसलेली.

त्र्यंबकरावांच्या वधूवर मंडळाला रोह्याकडच्या मुली मीच सुचवते. लग्न जमलं की ते मला पाकीट देतात. पण इकडचे लोक मंडळाला ओळखत नाहीत, मला ओळखतात. म्हणून प्रत्येक स्थळाला मी त्यांना एकच विचारते — लपवण्यासारखं काही नाही ना? आजही विचारलं. म्हणाले, मुलगा चांगला आहे, मुलीच्या घरी मी बोलतो. मला तेवढं पुरलं.

१४ जानेवारी

सगुणा, दिपिकाची आई, तयार झाली. त्र्यंबकराव एकटेच तिच्याकडे जाऊन आले. परतताना क्लासवर थांबले, पण फार बोलले नाहीत. उठताना मात्र म्हणाले, "दुसऱ्यांची एवढी जमवलीत, विमलबाई. तुमचं नाव नोंदवायचं राहूनच गेलं."

हसले आणि गेले. बायको जाऊन सहा वर्षं झाली त्यांची. मी चाळीसची. दुपारी एका झंपरला उजवी बाही डावीकडे लावली, सगळी उसवावी लागली.

३ मार्च

लग्न झालं. सगुणानं मला पुढे बसवलं. तिचा नवरा पुंडलिक गेल्यापासून तिला एवढी हसताना पाहिली नव्हती. माझा हात धरून म्हणाली, "तुझ्यामुळं झालं गो."

९ मार्च

त्र्यंबकराव पाकीट देऊन गेले. फोडावंसं वाटलं नाही — या लग्नाचं कसलं घ्यायचं? तसंच ट्रंकेत ठेवलं.

२ मे

दिपिका परत आली. पिशवी घेऊन, एकटी.

सुट्टी लागली म्हणून एक सात वर्षांची मुलगी त्यांच्या दारात आली आणि बाबा म्हणून दत्तात्रेयला बिलगली. पहिली बायको कोलाडला, माहेरी. घटस्फोट होऊन चार वर्षं झालेली. दिपिकाला यातलं काही माहीत नव्हतं. तो बिचारा गोंधळला म्हणे — मी तर मंडळात सगळं सांगितलं होतं, तुला बोलले नाहीत?

मंडळात सगळं सांगितलं होतं!

३ मे

सगुणा क्लासवर आली. मुली शिवत होत्या. सगळ्यांसमोर मला म्हणाली, "माझी पोर विकलीस तू. किती घेतलंस?"

मुलींनी मशीनं थांबवली नाहीत, मान वर केली नाही. ते जास्त लागलं.

४ मे

पेणला गेले. त्र्यंबकराव ऑफिसात एकटेच होते. बसा म्हणाले, मी बसले नाही. विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"मग मला का नाही सांगितलंत? मी विचारलं होतं."

त्यांनी समोरची वही मिटली. मग म्हणाले, "तुम्हाला सांगायला हवं होतं. मला जमलं नाही." का जमलं नाही, ते मी दोनदा विचारलं. सांगितलं नाही. एखादं खोटं कारण दिलं असतं तरी मी ते धरून बसले असते.

पाकीट न फोडलेलंच टेबलावर ठेवलं. यापुढे एकही मुलगी देणार नाही, दिलेल्याही काढून घेईन, म्हटलं. त्यांनी मान हलवली, जशी काही मी तारीख सांगितली.

स्टँडवर रोह्याच्या गाडीची वाट बघत रडले. शेजारच्या बाईनं विचारलं, कोण गेलं? कोणी नाही, म्हटलं.

१२ मे

घरोघर फिरतेय. वरसे, रोहा, आज कोलाड. जिच्या घरी मंडळाचं नाव नेलं होतं तिथं जाऊन सांगते, मुलीचं नाव काढून घ्या. का विचारलं की तेही सांगते — माहीत असून लपवतात. इंदुबाईंच्या दोन मुलींची लग्नं त्यांनीच जमवलेली, दोघी सुखात आहेत. त्या म्हणाल्या, माणूस सज्जन वाटलेला.

मलाही, म्हटलं.

२५ मे

सगुणा बाजारात दिसली. मला बघून गल्लीत वळली.

३० जून

मंडळ बंद झालं. पाटी उतरवली, ते भावाकडे पुण्याला गेले. इतकी नावं गेली, पण त्यांनी एकालाही उलटून काही सांगितलं नाही म्हणे. काय सांगणार!

बरं झालं. लिहिलं खरं, बरं झालं. — जेवण गेलं नाही.

१७ जुलै

दिपिका सासरी परत चालली आहे. दत्तात्रेय न्यायला आलाय, ती मुलगीही सोबत. निघण्याआधी माझ्याकडे आली, दार लावून घेतलं.

"काकू, आईला माहीत होतं. काल तिनंच कबूल केलं. त्र्यंबककाकांनी पहिल्याच दिवशी तिला सगळं सांगितलेलं. तिनं त्यांचे पाय धरले, शपथ घातली — विमलला बोलू नका, ती दिपिकाला सांगेल, मग पोर लग्नाला उभी राहायची नाय."

ओटी भरून तिला पाठवलं.

मग त्र्यंबकरावांचा पुण्याचा पत्ता कोणाकडे मिळेल म्हणून घरं आठवत बसले. प्रत्येक दारात मी आधीच जाऊन आले होते.