माझ्याबद्दल इंटरनेटवर काहीही नाही

३ जुलै, सोमवार
मुख्याध्यापिकाबाईंनी बोलावून घेतलं. यंदापासून आठवीला आठवड्यातून एक तास ‘इंटरनेट सुरक्षा’. भूगोलाचे तास कमी झाल्यामुळे मी मोकळा आहे, म्हणून मी, असं त्या म्हणाल्या. खरं कारण वेगळं. शाळेत माझ्याइतका समतोल माणूस दुसरा नाही. महिनाअखेर पालकांसमोर सत्र. ते रंगलं तर मी डिजिटल समन्वयक. स्वतंत्र टेबल. फिरणारी खुर्ची.
संकल्प: रोज एक तास अभ्यास.

५ जुलै
अभ्यास झाला नाही. वायफायचा पासवर्ड आठवेना. कॉलेजात असलेल्या मुलीला फोन केला. ती म्हणाली, बाबा, राउटरवर कागद चिकटवलाय तुम्हीच. खरंच होता. ठळक अक्षरांत, खिडकीकडे तोंड करून. समोरच्या इमारतीतले गृहस्थ हल्ली मला पाहून मान लववतात, तो मी आदर समजत होतो.

७ जुलै
स्वतःचं नाव शोधलं. माझ्या नावाचा एक पैलवान निघाला आणि एक भंगारवाला. माझ्याबद्दल अवाक्षर नाही. कोरी पाटी. बायकोला अभिमानाने सांगितलं. ती म्हणाली, कोणी ओळखत नसेल. हिला प्रतिष्ठेतलं काही कळत नाही.

१० जुलै
पहिला तास. उत्तम. मुलांना सांगितलं, इंटरनेटवर लिहिलेलं म्हणजे धनुष्यातून सुटलेला बाण. खोटं नाव घेतलं तरी माणूस सापडतो. चौथ्या बाकावरच्या चष्मेवालीने विचारलं, सर, तुमचं काय काय आहे? मी हसलो. गृहपाठच दिला: माझा शोध घ्या, सापडेल ते पालकांच्या सत्रात मांडा. हातच्या काकणाला आरसा कशाला.

१४ जुलै, दुपार
केस कापून आलो. डावी बाजू वर, उजवी खाली. लगेच फोनमधल्या नकाशावर त्या दुकानाखाली अभिप्राय लिहिला. एक तारा. ‘निःपक्षपाती ग्राहक’ या नावाने चार वर्षांत माझे त्रेसष्ट अभिप्राय झाले. समाजसेवाच ही. हे इंटरनेटमध्ये मोडत नाही, नकाशात मोडतं. आणि नकाशावर भूगोलाच्या शिक्षकाचा हक्कच आहे.

१८ जुलै
हिच्या धाकट्या बहिणीकडे गेलो. तिची लहानशी बेकरी आहे, मुलगी आठवीत, माझ्याच वर्गात. मेहुणी उतरलेली दिसली. म्हणाली, दोन वर्षांपूर्वी कोणीतरी लिहून ठेवलंय, ‘केक कोरडा, बाई बोलकी’. तेव्हापासून ऑफिसांच्या ऑर्डरी तुटल्या, आणि गिऱ्हाइकाशी दोन शब्द बोलायचीसुद्धा धास्ती वाटते. मी म्हणालो, माणसं विकृत असतात, मनाला लावून घ्यायचं नाही. दोन पेस्ट्र्या खाल्ल्या.
घरी येऊन तो अभिप्राय पुसायला घेतला. पण केक खरोखर कोरडा होता. तत्त्वाचा प्रश्न. एका ताऱ्याचे दोन केले.

२१ जुलै
चष्मेवालीने व्हरांड्यात गाठलं. सर, केस कुठे कापता? सांगितलं. मार्चमध्ये दाढ दुखत होती का? होती. तुमच्या सोसायटीची लिफ्ट बंद असते का? नेहमीच. वहीत लिहून घेतलं तिने. मुलांना माझ्याबद्दल किती माया आहे.

२८ जुलै, शुक्रवार
सत्र झालं.
दोनशे पालक. पहिल्या रांगेत मुख्याध्यापिकाबाई, दुसरीत मेहुणी आणि ही. चष्मेवालीने पडद्यावर निःपक्षपाती ग्राहकाचा फोटो लावला. पृथ्वीगोल धरलेला हात, मागे आठवीचं वेळापत्रक. मग दंतवैद्य, लिफ्ट, केशकर्तन, सगळं तारीखवार जुळवून दाखवलं. नंतर शाळेचा अभिप्राय: ‘इमारत जुनी, मुख्याध्यापिका त्याहून’. सभागृह हसलं. बाई हसल्या नाहीत.
मग केक.
मेहुणी उभी राहिली. आवाज अजिबात चढवला नाही. म्हणाली, भावोजी, दोन वर्षं दर रविवारी जेवायला येताय. तोंडावर सांगायचं होतं.
मी खुलासा केला, की गेल्याच आठवड्यात मी एक तारा वाढवला आहे. त्याचा म्हणावा तसा परिणाम झाला नाही. हिने पर्स उचलली आणि मला सोडून रिक्षाने घरी गेली.

३१ जुलै
सत्र अतिशय यशस्वी झालं असं पालकांनी लेखी कळवलं. नववीच्या पालकांनाही हवं आहे. बाई म्हणाल्या, बोलेल चष्मेवाली, तुम्ही बाजूला उभे राहा, उदाहरण म्हणून. समन्वयकपद चित्रकलेच्या बाईंना. खुर्चीही.
ही तीन दिवसांपासून माझ्याशी फक्त ‘हं’ बोलते.

२ ऑगस्ट
त्रेसष्टही अभिप्राय पुसले. संध्याकाळी बेकरीत गेलो. माफीचं भाषण पाठ केलं होतं, पहिलंच वाक्य विसरलो. नुसतं ‘चुकलं माझं’ एवढंच आलं. मेहुणीने बशीत केकचा तुकडा ठेवला. खाल्ला. छान झालाय म्हणालो. ती म्हणाली, खरं सांगा. म्हणालो, जरा कोरडा आहे. तिने स्वतः एक घास खाल्ला, बराच वेळ चावला आणि आत जाऊन भट्टीची आच कमी केली. मग म्हणाली, शनिवारी सकाळी सातला या.
मला वाटतं, गुणवत्ता सल्लागार म्हणून नेमणार. हिला सांगितलं. ‘हं’.

५ ऑगस्ट, शनिवार
सातला पोचलो. चाखायला काही नव्हतं. खोक्यांना रिबिनी बांधायच्या होत्या. तोंड उघडायचं नाही ही अट. मेहुणी प्रत्येक गिऱ्हाइकाशी बोलत होती. तीन तास. त्यांच्या सुनांबद्दल, गुडघ्यांबद्दल, हवेबद्दल. गिऱ्हाइकं हलत नव्हती.
सातव्या खोक्याची रिबीन उलटी बांधली गेली. तिने सोडून पुन्हा बांधायला लावली. बांधली.