जहाजावरचा सुतार

बाबा, तुमचा नातू सुतार झाला आहे. तुम्ही गेलात तेव्हा तो जन्मलाही नव्हता. इथे अमेरिकेत त्याने कॉलेज अर्धवट सोडलं आणि बंदरातल्या एका जुन्या, शिडाच्या लढाऊ जहाजाच्या दुरुस्तीवर लागला. इथल्या आपल्या समाजाच्या जयंतीच्या कार्यक्रमात, मुलगा काय करतो असं कुणी विचारलं, की मी सांगायचो, "मरीन इंजिनिअरिंग करतो." आठवीत असताना मी एकदा तुमचा रंधा उचलला होता, तेव्हा तुम्ही तो हिसकावून घेतलात आणि ओरडलात, "पुस्तकाला हात लाव, याला नाही!" ते मी जरा जास्तच मनावर घेतलं असावं.

परवा वेस्ट विंडसरचा माझा एक मित्र आणि त्याची बायको हट्टाने जहाज बघायला आले. मला टाळता आलं नाही. पोरगा आम्हाला खाली, पाण्याच्या पातळीखालच्या एका अरुंद बोळात घेऊन जातो. वाकून चालावं लागतं. तो सांगतो, शिडं शिवणारे, पिंपं बांधणारे, असे सगळे कारागीर जहाजावर असायचे. लढाई पेटली की वर तोफा धडाडायच्या आणि सुतार इथे कंदिलाच्या उजेडात, लाकडी खुंट्या घेऊन उभे. गोळ्याने भोक पडलं की आत घुसणाऱ्या पाण्यातच खुंटी ठोकून ते बुजवायचं. "सुतार लेट झाला तर सगळे बुडणार, काका."

"वा! आणि तू इथला इंजिनिअर ना?" मित्राने विचारलं.

"हो, हो," मीच घाईने म्हणालो.

"नो काका, आय अ‍ॅम अ कार्पेंटर. माझे आजोबा पण कार्पेंटर होते." मग माझ्याकडे वळून, हळू आवाजात, "डॅड, आर यू अशेम्ड ऑफ हिम टू?"

तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, चला, फोटो काढू या. त्या फोटोत मी हसतो आहे.

बाबा, तुम्ही घडवलेल्या दाराला कुणी नावाजलं, की ती अख्खी संध्याकाळ तुम्ही खुशीत असायचात. आईला दोनदा चहा ठेवायला लावायचात. हे मी पाहिलेलं आहे. रंधा काढून घेतलात तो माझे हाल होऊ नयेत म्हणून. लाज वाटून घ्यायला तुम्ही शिकवलं नव्हतंत, ते मी माझंच शिकलो.

हे खरं म्हणजे त्याला सांगायला हवं. पण त्याला मराठी वाचता येत नाही, आणि बहुतेक म्हणूनच मी हे मराठीत लिहितो आहे, तुम्हाला.