जित्या माणसाचं माप

आये, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तू एकदा घातलेला धपाटा अजून पाठीत आहे. मुरगूडच्या घरात तू भाकरी थापतेस आणि मी सुतळीनं धाकट्या बहिणीची उंची घेतोय. तू पिठाच्या हातानंच हाणलंस. "जित्या माणसाला दोरी लावत न्हाईत! मढं मापत्यात, मढं!" तेव्हापासून मी शिंप्याकडंही मापाला जुना सदराच देतो. शाळा सातवीत सुटली, तुझं म्हणणं सुटलं नाही.

आता नातीचं सांगतो. कॉलेजात जाते. महिनोन्‌महिने पाळी येत नाही, मान काळी पडली. आम्ही मळ समजून घासायला लावलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा मळ नव्हे. अंगात इन्सुलिन तयार होतं, पण अंग त्याला दाद देत नाही. असंच राहिलं तर पुढं शुगर लागू शकते. त्याचा इशारा पोटाचा घेर देतो, तो उंचीच्या निम्म्याच्या आत हवा. नुसत्या टेपवर भागत नाही, रक्त तपासायचंच, पण घरी दर महिन्याला माप घ्या. दर महिन्याला, आये!

पण आधी पोरगीच अडून बसली. "कुठल्या गिरणीचं पीठ खातीस गं?" असं शेजारीण तिला बोललेली. "मी न्हाय मापून घेणार. रक्त द्यायलाबी न्हाय येणार." सून टेप धरून रडकुंडीला आली. पोरीचं सगळं पुढचं त्या हट्टापाशी अडलेलं. मग मी उठलो, सदरा वर केला. "आधी माझं घे. बघू कोण भारी हाय."

"तुमी, आबा? तुमी तर कुणाला टेप लावू देत न्हाईसा की!"

"आता देतोय. घे."

तिनं टेप गुंडाळला. गार लागला. मी डोळे मिटून काहीतरी व्हायची वाट बघत राहिलो. झालं काहीच नाही. पोरगीच ओरडली, "आबा, पोट सोडा की! आत वडून धरलंय बघ गं आई!" सून हसली, ती हसली, आणि हसता हसताच आईपुढं जाऊन उभी राहिली. तिचा घेर उंचीच्या निम्म्याच्या बराच वर भरला. उद्या सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायचं आहे. मी सोबत जाणार, आणि दर महिन्याला तुझा शब्द मोडणार. रागाव हवं तर.

हे पत्र कुठं टाकायचं ते मला माहीत नाही, म्हणून घरातच राहील. पोरीला वाटतं, तिला हसवायला मी पोट आत ओढलं. तसं नव्हतं आये. मला खरंच लाज वाटली होती.