पाटावरून उठायला चार सेकंद

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी.
हैदराबादच्या महेश्वरी डॉक्टरीण मॅडमनं ही वही दिली. त्यांचं अंगातल्या मांसावर संशोधन चाललंय. मागल्या महिन्यात आमच्या पोरीचं, शिवगंगाचं, रक्त नेलं, मांडीतला मांसाचा कण नेला. आता तिनं रोज जमिनीवर बसायचं आन् उठायचं. किती सेकंद लागले ते म्या लिहायचं. चौथी शिकलीय मी, आकडे येतात. पुढची पानं मॅडमची, मागची माझी. मागचं कुणी वाचायचं न्हाय.
पोरीला काय बी झालेलं न्हाय. आळस हाय. वीस वर्षांची घोडी.
३० तारखेला माझा भाऊ शांतलिंग कलबुर्गीहून पोराला घेऊन येतोय, गंगीला कुंकू लावायला. तवर सरळ करते तिला.
आज अकरा सेकंद. गुडघ्यावर हात, मग मांडीवर हात, आपल्याच अंगावर चढल्यागत उठती.
पुढच्या पानावर चार लिहिलं, धडधाकट माणसागत. पहिल्या दिवशी कुणाचं बरोबर येतं?

६ नोव्हेंबर
मॅडमचा फोन. म्हणल्या, मांसात बारीक धागे असतात. त्यांना धरून ठेवणारं एक प्रोटीन असतं. ते गंगीच्या अंगात नीट तयार होत न्हाय, म्हणून धागे तुटतात.
म्या म्हणलं, म्हंजी विरी गेली. त्यांना कळंना. मग म्याच शिकवलं. ज्वारीचं पीठ जुनं झालं की विरी जाते, थापताना भाकरी कडेनं फाटती. वीस वर्षं आमच्या मुरुम गावात भाकरी केंद्र चालवते, मला काय सांगता! मॅडम म्हणल्या, "तसंच समजा, काकू."
विरी गेलेल्या पिठाला काय करतात? उकळतं पाणी घालतात. झालं. एवढ्यासाठी हैदराबाद कशाला?

७ नोव्हेंबर
कढत पाण्याच्या फडक्यानं मांड्या शेकल्या. गंगी वरडली, "आये, मी पीठ हाय का?"
पाय लालभडक. बारा सेकंद. पुढं चार. उद्यापासून पाणी जरा कोमट.

१० नोव्हेंबर
माझ्याबरोबर भाकऱ्या थापणारी रजियाबी डब्यात बकऱ्याच्या पायाचा रस्सा घेऊन आली. "दवा समझके पिलाओ भाभी, हड्डी का पूरा जोर इसमें है." आमच्या घरात अंडं बी चालत न्हाय. पण दवा ती दवा. गंगीला म्हणलं, टमाट्याचं सूप हाय. तिनं माझ्याकडं बघितलं, डोळे मिटून प्याली.
आमच्या मालकांनी विचारलं, वास कसला? म्हणलं, आयुर्वेदिक.

११ नोव्हेंबर
मालक हळूच म्हणले, त्यातलं उरलंय का? माझेबी गुडघे दुखतात.
गंगी तेरा. पुढं चार.

१४ नोव्हेंबर
मॅडमला सरळ विचारलं, गोळी कवा देता? म्हणल्या, "काकू, आज तरी यावर औषध नाही. काम चालू आहे." आज न्हाय म्हंजी उद्या हाय. मला बोलण्यातलं कळतं.
मग विचारत्यात, लग्न नात्यात झालंय का? व्हय, सख्ख्या मामाला दिली मला. माझी आई शांतम्मा म्हंजी मालकांची थोरली बहीण. भावाची बायको बी नात्यातलीच. माहेर सासर एकच उंबरा, भांडण झालं तर जायचं कुठं एवढीच अडचण. म्हणल्या, भावाच्या घरच्यांचं बी रक्त तपासू. म्या फोन कट केला. माझ्या माहेराला नाव ठेवायचं न्हाय. तिथं समदे धडधाकट.

१९ नोव्हेंबर
गंगी मोरीत पडली. फरशीच गुळगुळीत. गवंड्याला शिव्या दिल्या.
उठवताना म्हणली, "आये, मामाला खरं सांग. मला नगं असलं लगीन." थोबाडीत देणार व्हते. हात पिठाचा व्हता म्हणून न्हाय दिली.
सेकंद मोजले न्हाईत. पुढं चार.

२४ नोव्हेंबर
भावजयीचा फोन. "अक्का, पाट नका मांडू. खुर्च्याच ठेवा. फोटो चांगले येतात." खंडोबा पावला! शिकलेली माणसं ती, शहरातली. मंडपवाल्याकडनं लाल गादीच्या दोन खुर्च्या सांगितल्या. खुर्चीवरनं गंगी झटक्यात उठती. झटक्यात म्हंजी हाताला धरलं तर.

२९ नोव्हेंबर, दुपारी.
तालीम घेतली. एकवीस. परत म्हणलं. परत एकवीस. तिसऱ्यांदा उठलीच न्हाय, बसल्या जागी रडली.
पुढं चार.

३० नोव्हेंबर, रविवार
भावासंगं आलेल्या आईनं खुर्च्या बघितल्या आन् पेटली. "कुंकवाला खुर्ची? ही काय तहसील हाय? पाट मांडा!"
मी आन् भावजय एकदमच म्हणलो, "आई, राहू द्या की!" एकमेकींकडं बघितलं. काय कळलं न्हाय तवा.
पाट मांडले. कुंकू झालं. ओटी भरली. आई म्हणली, उठा दोघं, थोरल्यांच्या पाया पडा.
गंगीचा हात गुडघ्यावर गेला. म्या डोळे मिटले. आता हसतील, आता कुजबुजतील. कुणी हसलं न्हाय. डोळे उघडले.
शिवकुमार. भावाचं पोरगं. एक हात गुडघ्यावर. मग मांडीवर. आपल्याच अंगावर चढत व्हता.
दोघं समोरासमोर, अर्ध्यात वाकलेले. भाऊ छताकडं बघत व्हता. भावजयीनं पदर तोंडात कोंबला.
गंगीच बोलली. "भिंतीला धर. सोपं जातं."
त्यानं धरली.
चहा झाला. लग्नाचा शब्द कुणी काढला न्हाय.

१ डिसेंबर
सकाळी भावाचा फोन. म्हणला, "अक्का, त्या डॉक्टरणीचा नंबर हाय का?" त्याची बायको बी चार वर्षं पोराला कढत पाण्यानं शेकती म्हणं.
दोन्ही घरचं पीठ एकाच पोत्यातलं.
मॅडमला फोन लावला. सांगितलं, चार समदे खोटे. रागावल्या न्हाईत. औषधाचं परत विचारलं. म्हणल्या, "अजून नाही, काकू." या खेपेला म्या न्हाय हेच ऐकलं.
गंगीला म्हणलं, आता खाली बसायचं न्हाय, खाटेवर बस. तर म्हणती, "मग मोजायचं कसं?" खाली बसली. आपण होऊन.
वही पुढनं उघडली. समदे चार खोडले. मागचे आकडे बघून खरे लिहिले. आज बावीस.
खाली रेघ मारली आन् शिवकुमारचं नाव लिहिलं. त्याचं अजून मोजायचंय.